कॉन्झर्व्हेटरीत राहणारा तो

मधुमतीताईंकडे कौन्सिलची, म्हणजे आमच्या लंडनच्या नगरपालिकेची, बाई आली तेव्हा मी तिथेच बसले होते. सकाळचे अकरा वाजलेले, पोह्यांच्या बश्या नुकत्याच समोर आलेल्या. बाई दिसायला गोड, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. तिने न सांगता बूट दारात काढले, म्हणून मी तिला निम्मे मार्क तिथेच देऊन टाकले. मग ती सोफ्याच्या टोकावर बसली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मिसेस टिपणीस, मला त्याला भेटता येईल का?"

"कुणाला?"

"तुमच्या मागच्या कॉन्झर्व्हेटरीत, काचेच्या खोलीत राहतो, त्याला."

मधुमतीताईंचा चेहरा उजळला. "या ना, या! पण आज त्याचं अंग पुसायचं राहिलंय हं. रविवारी मला बरं नव्हतं." हे सगळं अर्थात इंग्रजीत. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. उठताना तिने खिशातला फोन चाचपला, ते मी पाहिलं.

झालं होतं असं. आदल्या महिन्यात ताईंनी कुणालाही न विचारता ऑनलाइन मृत्युपत्र करायला घेतलं होतं. कुठल्याशा कंपनीचा फॉर्म. त्यात प्रश्न: तुमच्यावर कुणी अवलंबून आहे का? ताईंनी लिहिलं, एक. वय? एक्केचाळीस. कुठे राहतो? कॉन्झर्व्हेटरीत. काही खास गरजा? इथे ताईंनी मन मोकळं केलं. त्याला थंडी सोसत नाही. ऑक्टोबर ते मे त्याला घराबाहेर काढू नये. हिवाळ्यात पाणी अगदी थोडं द्यावं, आठवड्यातून एकदा. दर रविवारी साबणाच्या पाण्याने पुसावं, नाहीतर अंगावर किडे होतात. मार्चमध्ये वरून छाटावा, म्हणजे बाजूने फुटतो. फॉर्म वाचणाऱ्या माणसाचं काय झालं असेल देव जाणे. त्याने सरळ कौन्सिलला फोन लावला.

तो म्हणजे कढीलिंब. कढीपत्त्याचं झाड, साडेसात फूट उंच, पिंपाएवढ्या कुंडीत. आता मला सांगा, आपण मराठी माणसं पंख्याला तो म्हणतो, खुर्चीला ती म्हणतो, आपल्याला त्यात काही वाटत नाही. आणि ताईंचं इंग्रजी कच्चं होतं असंही नाही. बावीस वर्षं शाळेत डिनर लेडी होत्या त्या, दुपारचं जेवण वाढायच्या; आमच्या पिनरमधली निम्मी पोरं त्यांच्या इंग्रजी ओरड्यावर वाटाणे खायला शिकली. पण कढीलिंबाला 'इट' म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. मी टोकलं की म्हणायच्या, "टेबलाला इट म्हणेन. हा काय टेबल आहे?"

कौन्सिलच्या बाईने झाड पाहिलं, मग कुंडीच्या मागे वाकून पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. आणि मग ती जी हसायला लागली! शेवटी मीच तिला खुर्ची दिली. जाताना चार डहाळ्या घेऊन गेली, तिची शेजारीण केरळची म्हणे.

ती गेल्यावर मी मात्र ताईंकडे वळले. "हे सगळं ठीक आहे. पण मृत्युपत्राची एवढी घाई कशाला झाली तुम्हाला?"

ताई बश्या गोळा करत होत्या. "डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. या हिवाळ्याचं काही सांगता येत नाही." हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं.

"आणि हे मला आज कळतंय? कौन्सिलची बाई आली म्हणून?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तू डॉक्टरला फोन करून भांडली असतीस."

मी असं कधी करणार नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता केला फोन. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनला काढली आहेत, कुणाला कसं धरायचं ते मला ठाऊक आहे. पण डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं. मी भांडून काही फरक पडणार नव्हता.

मधुमतीताई एकोणऐंशी वर्षांच्या. लग्न होऊन ठाण्याहून इथे आल्या तेव्हा तेवीसच्या होत्या. मी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि त्यांच्यापेक्षा पुष्कळ तापट. एकतीस वर्षांपूर्वी मी पलीकडच्या गल्लीत राहायला आले, आणि तिसऱ्याच दिवशी ह्या बाई दारात उभ्या. "तुम्ही मराठी का? तुमच्या खिडकीतून फोडणीचा वास आला." बस, तेव्हापासून.

कढीलिंब त्यांच्या यजमानांनी आणला. रवीभाऊ काही दिवस साउथहॅम्प्टनच्या बंदरात नोकरीला होते. तिथे एका जहाजावर रत्नागिरीकडचा स्वयंपाकी होता. त्याने जहाजावरच डब्यात वाढवलेलं हे वीतभर रोप. परत निघताना त्याने ते रवीभाऊंच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, वहिनींना द्या, माझ्याकडे खारं वारं लागून मरेल. रवीभाऊ ते कोटाच्या आत घालून ट्रेनने घेऊन आले. त्यांना जाऊनही आता चौदा वर्षं झाली. झाड आहे.

आणि त्या झाडाने काय केलं म्हणून सांगू! पिनरमध्ये नवं मराठी कुटुंब आलं, की आठवड्याच्या आत त्याला कुणीतरी सांगायचं, टिपणीसकाकूंकडे जा. मधली काही वर्षं दुकानांत ताजा कढीपत्ता मिळेनासा झाला, तेव्हा तर शनिवारी दारात रांग. पुण्याची, नागपूरची, आयटीतली मुलं, हातात लॅपटॉपची बॅग, आणि तोंडात "काकू, चार पानं मिळतील का?" चार पानं कुणाला मिळायची नाहीत. ताई अख्खी डहाळी कापायच्या, बसवून चहा पाजायच्या, गाव विचारायच्या, व्हिसा कुठवर आलाय विचारायच्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचं नोकरीचं रडगाणं, सगळं त्या कुंडीशेजारी बाहेर पडायचं.

नियम मात्र कडक. स्वतःच्या हाताने कुणी तोडायचं नाही. आणि दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपतं. यावरून आमचं पहिलं मोठं भांडण झालं. अहो, डिसेंबरात इथे चारला सूर्य मावळतो! लोक ऑफिसातून येणार कधी, फोडणी घालणार कधी? ताई म्हणाल्या, बरं, मग आपण ठाण्याचा सूर्यास्त धरू. मी म्हटलं, ठाण्याला सूर्य मावळतो तेव्हा इथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, डोकं आहे का ठिकाणावर? ताईंनी बोटांवर मोजलं, आणि मग बारा महिने संध्याकाळी सहा ही वेळ ठरली. असा तह करायला आम्हाला तीन आठवडे लागले.

आता ताईंना कशाची भीती होती ते सांगते. ताईंचा मुलगा समर ब्रिस्टलला असतो, विमानांच्या इंजिनांचं काम करतो. गुणी मुलगा, दर रविवारी फोन, दर महिन्याला चक्कर. पण ताईंच्या मागे घर विकायचं हे ठरलेलंच होतं, आणि त्याचा फ्लॅट असा की त्यात ऊन दिसायला कॅलेंडर पाहावं लागतं. याच झाडाची दोन पिल्लं त्याला दिली होती. दोन्ही मेली. एकाला त्याने फ्रीजवर ठेवलं होतं.

"आई, मी नेईन ना त्याला," समर म्हणायचा.

"तुझं प्रेम माझ्यावर आहे रे, त्याच्यावर नाही," ताई म्हणायच्या. आणि मला एकटीला म्हणाल्या, "सुचेता, मला मरायची भीती नाही. पण मी गेले की घर रिकामं करणारी माणसं येतील, आणि पहिल्या दिवशी हा दारातल्या कचऱ्याच्या स्किपमध्ये जाईल. मला रात्रंदिवस तो स्किपच दिसतो गं." असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. एकतीस वर्षांत मी त्यांचा आवाज दोनदा कापलेला ऐकला, आणि पहिली वेळ रवीभाऊंची होती.

म्हणून आम्ही खरी वकीलच गाठली. अक्षरा. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, हुशार पोरगी. मराठी बोलते, पण लिंग-वचनाचा पत्ता नाही. घरी आली, कॉन्झर्व्हेटरीत गेली आणि म्हणाली, "आजी, हा झाड किती स्वीट आहे!" ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, तिलाही तो वाटतो." मी कपाळावर हात मारला.

ताईंनी तिला सांगितलं, "थोडे पैसे बाजूला ठेवते. ते त्याच्यासाठी. त्याला उबेला हीटर, दर दोन वर्षांनी नवी माती, एवढंच. ट्रस्ट का काय म्हणतात तो कर. आणि हा नागपूरच्या ऋजुताकडे राहील."

ऋजुताची ओळख करून देते. आयटीत आहे, सात वर्षांपूर्वी कडेवर सहा महिन्यांची लेक घेऊन पानं मागायला आली होती आणि पानं न घेता तासभर रडून गेली. आता इथेच घर घेतलंय, मागे काचेची खोली आहे, दक्षिणेचं ऊन येतं. मुलगी चांगली. पण तिने एकदा तुळस मारलेली आहे, हे मी नमूद करून ठेवते.

अक्षराने पेन खाली ठेवलं. "आजी, प्रॉब्लेम आहे. ट्रस्टला माणूस लागतो. बेनिफिशरी. ज्याच्यासाठी ट्रस्ट आहे तो. झाडासाठी ट्रस्ट नाही होत."

"का?"

"कारण ऋजुता ट्रस्टी होणार. पैसे तिच्या हातात. ती नीट नाही करेल, हीटर बंद ठेवेल, त्या पैशात हॉलिडेला जाईल, तर कोर्टात कोण जाणार? झाड नाही जाऊ शकत."

"ट्रॉलीवरून नेऊ," मी म्हटलं.

"सुचेता, गप्प बस," ताई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं, तर शेताच्या वतीने ओरडणार कोण, असं ना?"

अक्षराने डोळे मोठे केले. "काय म्हणालात? परत सांगा." ताईंनी म्हण समजावून सांगितली. पोरीने ती इंग्रजी लिपीत वहीत लिहून घेतली. "लॉ स्कूलमध्ये आम्हाला हे शिकवायला तीन वीक्स लागले," म्हणाली.

"कुत्र्याच्या नावाने ठेवता येतात का पैसे?" मी विचारलं.

"कुत्रा, मांजर, घोडा चालतो. जुना एक्सेप्शन आहे. पण तेही सक्ती नाही, ट्रस्टीला वाटलं तर. आणि थडगा पण चालतो, त्याची देखभाल."

आता मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मेलेल्या माणसावरच्या दगडाची काळजी घेतलेली चालते, आणि जिवंत झाडाची नाही? काय अक्कल आहे तुमच्या कायद्याची!"

"मावशी, मी नाही बनवला कायदा."

"मग चॅरिटी करा. धर्मादाय."

"त्याला पब्लिक बेनिफिट लागतो. चाळीस लोकांची फोडणी म्हणजे पब्लिक नाही."

चाळीस लोकांची फोडणी! ऐकलंत? मी उठून पाणी प्यायला गेले, नाहीतर त्या पोरीचं काही खरं नव्हतं.

ताई शांत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावाकडे देवीच्या नावावर आमराई आहे. सातबाऱ्यावर देवीचं नाव."

"गॉडेसच्या नावावर? लीगली?" अक्षरा उडालीच. "म्हणजे ती केस करू शकते?"

"करते की. पुजारी उभा राहतो तिच्या वतीने. माझ्या काकांवरच केली होती एकदा. जिंकली."

अक्षरा हसून हसून लाल झाली. मग ती जरा पुढे सरकली आणि तिने ताईंचा हात हातात घेतला, ते मला आवडलं. "आजी, इकडे देवी नाही, झाड नाही. इकडे माणसंच. पण एक रस्ता आहे. झाडासाठी ट्रस्ट नको करूया. झाडाची पानं ज्यांना मिळतात, त्यांच्यासाठी करूया. त्यांची नावं द्या मला. नक्की कोण, ते कोर्टाला कळलं पाहिजे. मग झाडाला काही झालं तर त्यांचा हक्क जातो, म्हणून ते भांडू शकतील. एकवीस वर्षांपर्यंत ठेवूया, फॉरएव्हर नाही चालत."

"एकवीस पुष्कळ झाली," ताई म्हणाल्या. "तोवर पुढची कुणीतरी शहाणी निघेलच." आणि त्या संध्याकाळी खूप दिवसांनी त्या दोन पोळ्या जेवल्या.

आता माझी फजिती सांगते. सांगायला नको, पण सांगते.

पंधरा दिवसांनी मी नेहमीसारखी सकाळी गेले. ताई वर आंघोळीला. जेवणाच्या टेबलावर यादी पडलेली, त्यांच्या गोल अक्षरातली. मी वाचली. कुणीही वाचली असती. सदतीस नावं. ऋजुताच्या धाकट्या नणदेचं नाव होतं. तो कोपऱ्यावरचा राज होता, जो वर्षातून एकदा गणपतीच्या वरणाला पानं नेतो. कौन्सिलची ती बाई होती, एकदाच आलेली! माझं नाव नव्हतं.

मी परत वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. नाहीच.

लहान मुलीसारखं वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षं रोज. पावसात, बर्फात, माझा गुडघा बदलल्यावर काठी टेकत. रवीभाऊ गेले तेव्हा तेरा दिवस मी तिथे झोपले होते. आणि सदतीस माणसांत मी नाही. मी वर हाक मारून सांगितलं, मला काम आहे, आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. ताईंचा फोन आला, मी घेतला नाही. मग सरळ बॅग भरून साउथहॅम्प्टनला लेकीकडे निघून गेले. वैभवी म्हणाली, "आई, एका झाडावरून रुसलीस?" मी तिच्याशीही बोलले नाही.

नवव्या दिवशी समरचा फोन. "सुचेतामावशी, आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. श्वास लागत होता. ती सारखी विचारतेय, तुम्ही कुठे आहात."

साउथहॅम्प्टन ते लंडन ती ट्रेन मी कशी काढली ते माझं मला माहीत. आपण किती मूर्ख आहोत हे समजायला माणसाला दीड तास पुरतो.

ताई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळ्या, केस विंचरलेले. मला पाहून म्हणाल्या, "कुठे होतीस?"

आणि मी काय बोलावं? त्या अवस्थेतल्या बाईला? जित्याची खोड, दुसरं काय. "यादीत नावं असलेली माणसं येतील भेटायला. माझं काय काम?"

समर चपापला. ताईंनी त्याला चहा आणायला पाठवलं. मग मला जवळ बसवलं.

"यादी वाचलीस वाटतं."

"टेबलावर होती."

"ती पानं नेणाऱ्यांची यादी आहे, सुचेता. तू कधी पानं नेलीस?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुला कढीलिंब आवडत नाही," ताई म्हणाल्या. "एकतीस वर्षं तू माझ्याकडच्या पोह्यांतून पानं वेचून काढतेस आणि कपाच्या बशीखाली लपवतेस. बश्या मीच उचलते ना गं."

अगं बाई! मला वाटायचं, कुणालाच कळलेलं नाही. चेहरा तापला माझा. "मग घालायचा नाही ना पोह्यांत!"

"का? माझ्या तोंडाची चव मी का घालवू?" त्यांना हसू आलं, मग धाप लागली. मी पाण्याचा पेला धरला. थोड्या वेळाने त्या सावकाश बोलल्या, थांबत थांबत. "सगळे त्याच्यासाठी येतात. तू माझ्यासाठी येतेस. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुला त्या यादीत कसं घालू?"

मी उगाच त्यांच्या चादरीच्या सुरकुत्या सारख्या करू लागले.

"तुझं नाव अक्षराकडे आहे, वेगळं. तिने विचारलं, ही मावशी पानं घेत नाही, मग हिला मिळतं काय? काहीतरी मिळावं लागतं म्हणे, नाहीतर कोर्ट ऐकत नाही. मी सांगितलं, ती बसते. रोज अकराला येते, त्याच्याशेजारी बसते आणि काय चुकतंय ते सांगते. ते तिला मिळत राहू दे. ऋजुताच्या घरी, आठवड्यातला कुठलाही दिवस, अकरा वाजता."

"असं लिहिता येतं?"

"लिहिलंय. सही झाली माझी." त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "अगं, ते सदतीस सज्जन आहेत. झाड वाळून काटकी झालं तरी 'नो नो, इट्स फाइन' म्हणून घरी जातील. कोर्टात जाणारं माणूस माझ्याकडे एकच आहे."

त्यावर मी त्यांना रागावले. म्हटलं, निरवानिरवीच्या गोष्टी पुरे, आधी घरी या. त्या म्हणाल्या, हो. आम्ही दोघीही खोटं बोललो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ताई गेल्या. पहाटे झोपेतच. समर शेजारी होता.

घर रिकामं करायच्या आधी कढीलिंब हलवला. समरने व्हॅन आणली. त्याने स्वतःच्या हाताने झाडाला आधी जुनी चादर, मग आईची दुलई गुंडाळली, आत हीटर लावून अर्धा तास गाडी गरम केली, आणि तीन गल्ल्यांचं अंतर असं कापलं की मागून येणाऱ्या बसने भोंगा वाजवला. मी पुढे बसले होते. वाटेत तो म्हणाला, "मावशी, फ्रीजवर ठेवायला नको होतं मी ते रोप." मी म्हटलं, "नको होतंच." मग त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तो रडत होता.

पुढच्या सोमवारी बरोबर अकराला मी ऋजुताच्या घरी गेले. ठरवूनच गेले होते की सोडायचं नाही. तिने काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि स्वतः कोपऱ्यात उभी राहिली, तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी. मी सगळं पाहिलं. भिंतीवर थर्मामीटर, अठरा. बोट घालून माती पाहिली, ओल बेताची. पानं उलटी करून किडे शोधले, एकही नाही. दाराच्या फटीतून वारं येतं का म्हणून तळहात धरून पाहिला. फटीला तिने पट्टी चिकटवली होती. शेंड्याला बोटभर नवी पालवी, तांबूस. गेल्या आठवड्यातली.

"काकू, काही चुकलंय का?" ऋजुताने विचारलं.

"नाही गं. सगळं ठीक आहे," मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले, आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना.

पोरगी घाबरली. धावत येऊन माझ्यापाशी खाली बसली. "काकू, सांगा ना, काय कमी पडलंय? मी लगेच आणते."

"मधुमतीताई," मी म्हटलं.